बाबांचा पहिला घास

दादा, नाही म्हणजे नाही. त्या आश्रमात बाबांना मी जाऊ देणार नाही. फोन तू आपटलास, आता ऐकून घे. (ती. दादास साष्टांग नमस्कार. हा सगळ्यात वर घालायचा होता, रागात खाली आला. वहिनीची पाठ कशी आहे? पिल्लूला दात आले का?) तू म्हणालास, बापाला सांभाळायला कुणी क्लास लावतं का. लावतं. दर रविवारी, पालिकेच्या शाळेत, पहिलीच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला टेकवून. कुणाचा नवरा आजारी, कुणाची सून, आमचे बाबा. सगळ्यांच्या घरचं माणूस वेगळं, पण चेहरे इतके सारखे की ग्रुप फोटो काढावा.

गोळ्या चालू असून फरक नाही, म्हणजे ही करणी, असं तुझं म्हणणं. तर ऐक. हौसाआत्या गोळी चुरून भाकरीत लपवायची. बाबा अर्ध्या जेवणावरून उठतात (शेजारच्या कापड कारखान्यातले लूम त्यांना नावानिशी हाका मारतात, आपल्याला नुसती खडखड), म्हणून तिने डोकं लावून गोळी पहिल्याच घासात घातली. आणि आपल्या घरात पहिला घास कुणाचा? दारातल्या कुत्र्याचा. आजोबांपासूनचा शिरस्ता, आत्यालाच आठवला नाही. म्हणजे पावसाळाभर उपचार कुत्र्यावर झाले, आणि गुणही आला. गोदामाच्या टेम्पोवर भुंकायचं त्याने सोडलं, मांजर अंगावरून गेलं तरी डोळा उघडत नाही. बाबा मात्र विळा घेऊन लूम कापायला गेले. शिफ्टवाल्यांनी त्यांना खांबाला बांधलं. मी दोरी सोडत होते आणि तू फोनवर आश्रमाचा पत्ता सांगत होतास.

क्लासमध्ये हे सांगितलं तेव्हा वाटलं, हसतील. कुणी हसलं नाही. पार्वतीबाई म्हणून एक आहेत, त्या म्हणाल्या, आमी चायमध्ये घालायचो, ते बशीत ओतून अर्धी मलाच द्यायचे, मी मस्त झोपायची. मॅडम म्हणाल्या, लपवू नका, हातावर ठेवा, कशाची गोळी ते सांगा. आणि आवाज येतो म्हटलं तर खोटं म्हणू नका, खरंही म्हणू नका.

घरी आले, गोळी तळहातावर धरून बाबांसमोर बसले. म्हटलं, बाबा, मला ऐकू येत नाही, पण तुम्हाला भीती वाटत असेल ना.

त्यांनी गोळी बोटाने उलटीपालटी केली. मग म्हणाले, “मंग इतके दिस कुनी इचारलं का न्हाय?”

गोळी घेतली. काल एक थुंकली, आज परत घेतली. चमत्कार काही नाही, दादा. पण विळा आत्याने उचलून ठेवलाय आणि त्यांनी शोधला नाही.

वहिनीला नमस्कार, पिल्लूला पापा.

तुझीच,
दिपाली

ता. क. क्लासला घरातलं दर वेळी कुणीतरी लागतं. आत्या जात नाही, म्हणते बाकावर मावत नाही.

ता. क. २. मॅडम असंही म्हणाल्या की सांभाळणाऱ्याने मधेमधे सुटी घ्यायची. सगळ्यांनी माना हलवल्या, घेतली कुणीच नाही. मी घेतेय.

ता. क. ३. पत्र ज्यांनी तुझ्या हातात दिलं ते बाबा आहेत. रिक्षावाला किशन त्यांना कल्याणला तुझ्या दारात सोडेल, रिक्षा थांबवणार नाही, त्याला सांगितलंय. गोळ्या त्यांच्या शर्टाच्या खिशात. रविवारी क्लासला तू. आश्रमात न्यायचंच असेल तर आधी समोर बस आणि त्यांना विचार. मोबाइल मी आत्याकडे ठेवलाय. नाशिकची एसटी लागली, मी निघाले.