शेंदराचा धोंडा

बदलापूर गाव,
१८ जानेवारी २०२६

चि. कैलास,
दादाचा आशीर्वाद. विठ्ठलवाडीला सगळे बरे असाल. यंदा वाल चांगला आलाय, शेंगा पाठवतो. फोनवर जमेना म्हणून लिहायला बसलो.

परवा कंपनीची माणसं पुन्हा आली होती. कारखान्यांच्या धुरातला वायू खोल कातळात पुरायचा, तिथे त्याचा दगड होतो म्हणे. त्यासाठी गावात तुझा माळ पसंत पडला. माझं रान नापास. का, तर माझ्याकडे विहीर आहे, दोन बोअर आहेत. जमिनीला भोक असलं की वायू तिथून वर येतो. वाटणीत पाण्याची बाजू मला आली तेव्हा मी गावभर मिरवलो होतो. आता सरपंच मलाच विचारतो, "कैलासशेट कवा येनार?"

जळलो. सरळ सांगतो, जळलो. तुझी वृंदा माळावरच्या देवाला नारळ फोडून "यानेच दिलं" म्हणाली, त्या दुपारी मी भरल्या ताटावरून उठलो.

त्या देवाचंच लिहायचंय.

तो देव नाही, कैलास. पाणाड्याचं ऐकून बाबांनी तिथे बोअर मारली, ती कोरडी गेली. तू लहान होतास, पालथा पडून आत हाका मारत बसायचास. आईने माझ्या मदतीने त्यावर धोंडा सरकवला आणि शेंदूर फासला. "या पोराला मानसाचा भ्याव नाय, देवाचा हाय," म्हणाली. तू परत तिकडे फिरकला नाहीस. पुढे गावच पाया पडू लागलं. मोजणीवाल्यांनीसुद्धा चपला काढल्या आणि बाजूने गेले. भोक खाली तसंच आहे.

सही करण्याआधी त्यांना हे सांग. जागा बहुतेक रद्द होईल. गाव म्हणेल, हिरामण जळतो म्हणून बोलला. खोटं नाही ते. त्या भोकाची आठवण झाली तेव्हा आधी मला आनंदच झाला होता. मग आठवलं, तुझ्या सुजितचं घर तू तिथेच बांधणार आहेस.

आणि माझं जळणं काही या कंपनीपासूनचं नाही. त्या भोकापाशी मीही खेळायचो रे. शेंदूर लागला तो तुझ्यासाठी.

धोंडा काढायचा झाला की मला बोलाव. एकट्याने हलायचा नाही.

जळका का होईना, तुझाच
दादा