आबांच्या झऱ्याचा नळ

१२ फेब्रु. ९५, रवि.
आणि रॉकेल परत संपलं म्हणे. दोन माणसांच्या स्वयंपाकाला एवढं रॉकेल पितं कोण, असं दादाला विचारलं तर म्हणतो, "तुला तिथं बसून काय कळतंय?" पायपाचे पैसे मागताना मला सगळं कळत होतं. रॉकेलचं विचारलं की मी लांबचा. एसटीडी बूथचा मीटर पळत होता म्हणून ठेवला फोन. नाहीतर आज ऐकवणारच होतो.

जाऊ दे. नळ आला घरात, हे काय कमी आहे. आबांनी जाताना आम्हा दोघा पोरांसाठी दुसरं ठेवलंय काय? खालचा झरा, त्याला त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेली दगडी कुंडी, एवढंच. तिथलं पाणी पंपानं वर आणि थेट आईच्या ओट्यापाशी. पावसाळ्यात त्या शेवाळलेल्या पायऱ्या हंडा घेऊन चढून तिचे गुडघे गेले. आता चढायला नको.

या नळासाठी मी इथं टिकलो. नाहीतर मला एका जागी बसवतंय कुठं? हुबळीचं गॅरेज सोडलं, इथं बेंगळुरात शिवाजीनगरची बेकरी सोडली. ही राजाजीनगरची कँटीन तेवढी धरून बसलो. दर महिन्याला चारशे नळाला. दादाच्या नावानं मनिऑर्डर.

१५ फेब्रु.
अण्णांनी झापलं. आमचे मालक. मूळचे मराठी, पण किती पिढ्या बेंगळुरातच गेल्या ते त्यांनाही सांगता येत नाही. घर बसवनगुडीत, बोलणं अर्धं कानडी. घाईत मी डाळीच्या पातेल्यात बोअरचं पाणी ओतलं.
"उप्पु नीरु ओतलास की रे! स्वल्प डोकं वापर. जेवायला काय खडी वाढायची काय लोकांना?"

कँटीनीत नळ दोन. बोअरचा तो उप्पु नीरु, म्हणजे खारं, जड पाणी, भांड्यांना नि फरशीला. कावेरीचा तो सिही नीरु, म्हणजे गोडं पाणी, डाळ-भात-कॉफीला. कावेरी दिवसाआड येते, तेव्हा पिंपं भरायची. ते माझं काम. इडलीच्या बॉयलरला बोअरचंच पाणी, त्याचा पांढरा थर खरवडायचं तेही माझंच. नखांत चुन्यासारखं बसतं. घासून जात नाही.

म्हटलं, अण्णा, आमच्या झऱ्याच्या पाण्यात डाळ घातली की रेडिओवर दोन गाणी होईस्तोवर लोणी.
"मग सांग की तुझ्या दादाला, पाइप स्वल्प लांब ओढ. राजाजीनगरपर्यंत."
सगळे हसले. मी पण. आमच्या पाण्याचा विषय निघाला की बरं वाटतं.

१९ मार्च, रवि.
आज आई बोलली. आमच्याकडं फोन नाही, वाण्याच्या दुकानात बोलावतात. होळीचं पुरण बिघडलं म्हणाली. "डाळ शिजलीच नाही बघ. कणी राहिली. पाट्यावर वाटली तरी कचकच. तसाच दाखवला नैवेद्य." म्हटलं, वाण्यानं जुनी डाळ मारली असेल. तर, "हळू बोल, हितंच उभाय तो." हसली. मग म्हणाली, साबण पण पुरत नाही, फेसच येत नाही. आणि एकदम गप्प. जीभ चावल्यासारखी. "बरं, ठेव आता. पैसे जातात."

बूथवरून चालत आलो. निम्म्या वाटेत पाय थांबले.
डाळ शिजत नाही. फेस येत नाही. रॉकेल पुरत नाही.
हे तर मी रोज बघतो.

२१ मार्च
अण्णांना सहज विचारल्यासारखं विचारलं, झऱ्याचं पाणी पायपातून आलं की जड होतं काय?
"पायपानं कसं होईल रे? ते जमिनीतनं येतं. जेवढं खोल खणशील तेवढं घेऊन येतं." मग चष्म्यावरून बघून, "का?"
काही नाही म्हटलं.

सदाला निरोप धाडला. आमच्याच आळीतला, टुरिस्ट गाडी चालवतो, म्हैसूर-उटीची ट्रिप घेऊन इकडून जातो. म्हटलं, घरच्या नळाचं पाणी एक बाटली भरून आण. आईला सांग, लेकाला गावच्या पाण्याची आठवण येते. तसं खोटं पण नाही ते.

४ एप्रिल
सदा आला. बाटली दिली. "लोक काशीची गंगा मागवतात आणि तू नळाचं मागवतोस! आंघोळ करणार का दिवा लावणार?" बोलला नेहमीसारखा, पण नजर गल्ल्याकडं. म्हटलं, झऱ्यावर गेलतास का? तर चहा गरम आहे म्हणाला.
बाटली माझ्या ट्रंकेत आहे. उघडली नाही. उघडायचा धीर होत नाहीये.

५ एप्रिल
दुपारची गर्दी सरल्यावर दोन पातेली लावली. एकाच डब्यातली तूरडाळ, मूठ-मूठ. एकात कावेरी, एकात घरचं. अण्णा म्हणाले, "काय रे, शाळा काढलीस?" मग तेही बघत उभे राहिले.

कावेरीची डाळ फुटली, मऊ झाली. घरच्या पाण्यात दाणे तसेच फिरत होते. वर पांढरा फेस, पातेल्याच्या कडेला रेघ. ती रेघ मी ओळखतो. रोज खरवडतो.

चमच्यावर दाणा घेऊन दाबला. दबला नाही.

"गावचं?" अण्णा.
मान हलवली.
"होगली बिडु रे. जाऊ दे." आणि त्यांनीच गॅस बंद केला.

संध्याकाळी शिवाजीनगर. सदाची गाडी तिथं लॉजपाशी. धरलाच त्याला. आधी उडवाउडवी, मग सगळं ओकला. झरा दादानं वरच्या हॉटेलला दिलाय, कागद करून. गणपतीतच. तारेचं कुंपण घातलंय, वॉचमन बसतो. आबांच्या कुंडीवर हॉटेलची मोटर. ओट्यापाशी आलाय तो नळ पालिकेच्या बोअरचा. मिळालेल्या पैशांची जुनी जीप घेतली, टुरिस्टांना पॉइंट दाखवायला. "कमी पडत होते ते तुझे गेले त्यात."

म्हणजे पंप नाही. पाइप नाही. मी जीपचं टायर घेतलं असेल, नाहीतर हॉर्न.

म्हटलं, आईला फसवलं त्यानं.
सदा बूट बघायला लागला. "मावशीला पहिल्यापासून माहिताय, दत्ता. बाटली भरून देताना तीच म्हणाली, त्याला काय बोलू नको."

६ एप्रिल
पिंपं भरली. थर खरवडला.

७ एप्रिल
दादाचं मला एवढं लागलं नाही. तो तसाच. माझा पतंग विकून त्यानं गोट्या घेतल्या होत्या.
पण तिनं. दर रविवारी "पाणी चांगलं येतंय ना?" म्हणायचो, "येतंय हो" म्हणायची. येतंय. तेवढंच म्हणायची. चांगलं कधी म्हणाली नाही, हे आत्ता लिहिताना

९ एप्रिल, रवि.
आईला बोलावून घेतलं. खूप ठरवून गेलो होतो. "झरा कुठाय?" एवढंच आलं तोंडातून.

 मग म्हणाली, "सदानं सांगितलं व्हय."
"सदानं नाही. डाळीनं सांगितलं."
"तुला कळलं असतं तर आला असतास धावत. डोकी फुटली असती तुमची."
"म्हणून माझे पैसे घेत राहिलात?"
"मी नाही घेतले रे." मग हळू, "तुझ्याशी भांडले तर तू फोन ठेवशील. त्याच्याशी भांडून मी कुठं जाऊ? त्याच्याच घरात पडते-उठते."
"आबांचं होतं ते, आई."
"मला सांगतोस? त्यांच्या बरोबरीनं दगड वाहिलेत मी."

 आणि मग तिनं विचारलं, जेवलास का. तेव्हा मी फोन ठेवला.

१० एप्रिल, सोम.
सकाळी अण्णांना म्हटलं, हिशेब करा, मी चाललो.
"कुठं?"
सांगता येईना. गावाला म्हणावं तर जीप दिसणार. दुसरीकडं म्हणावं तर कशासाठी?
"सरी, ठीक आहे. उद्या कावेरी येणार आहे. पिंपं भर आणि मग जा." उद्या भरतो. पुढचं पुढं. कुंडीचा कागद कुणाच्या सहीनं झाला, आबांच्या जागेवर माझं नाव लागतं की नाही, हे विचारायला तालुक्याला जावं लागेल. जाईन. बघू.

दुपारी पोस्टात. हात सवयीनं दादाचं नाव लिहायला गेला, खोडलं, दुसरा फॉर्म घेतला. आईचं नाव घातलं. खाली चार ओळी लिहायला जागा असते. बरंच लिहायचं होतं. शेवटी लिहिलं, डाळ रात्री भिजत घालत जा, गुडघ्यांना तेल लाव.

चारशे नाही. नळाला एक पैसा नाही. जड पाण्याला स्टोव्ह जास्त वेळ जळतो, तेवढे फक्त रॉकेलचे.
रु. ८०.