पेट्रोलचं औषध आणि माझा हातगुण

वाखनिंगन
मंगळवार, १३ जानेवारी

आदरणीय सुखदेवमामा,

सप्रेम जय भीम, आणि शांतामामींनाही. तुमचे गुडघे, मामींची शुगर आणि खामगावची थंडी या तिन्हींचा हालहवाल आईकडून कळला. तिन्ही आवाक्यात आहेत असं ती म्हणाली, म्हणून निर्धास्तपणे लिहायला बसलो. पत्र कशाला, फोन नाही का, असं तुम्ही म्हणाल. पण फोनवर मी दोन वाक्यं बोललो की तुम्ही ‘आधी प्लग काढून पाह्य’ म्हणता आणि विषय प्लगवर जातो. मोबाईलवर लांबलचक लिहून पाठवलं तर ते आधी मामी वाचतात, मग आई, मग अकोल्याची मावशी, आणि तुमच्यापर्यंत पोचेस्तोवर माझा अपघात झालेला असतो. म्हणून कागद. आम्ही इकडे मजेत आहोत. तुमच्या भाचेसुनेला, समताला, रोटरडॅमजवळ कापेलला बरी नोकरी लागली. यामिनी नऊ वर्षांची झाली. मामाआजोबांना काय लिहू विचारलं, तर तिला सगळं मराठी कळलं आणि तिने सगळं उत्तर डचमध्ये दिलं. थोडक्यात मजकूर असा, की आजोबा थंडीत टोपी घालतात का. (घालत नसाल तर तसं मला कळवू नका, मला पुन्हा डचमध्ये ऐकून घ्यावं लागेल.)

आता मुद्द्यावर येतो, म्हणजे यायचा प्रयत्न करतो. मी गव्हाच्या बियाण्याच्या कंपनीत आहे आणि कोणता गहू किती थंडी सोसतो ते बघतो, हे तुम्हाला ठाऊक आहे. त्यासाठी आमच्या लांबलचक शेतात रोज दोन फेऱ्या असतात. संध्याकाळी काही वाफ्यांवर कापड टाकायचं, सकाळी ऊन यायच्या आत थंडीचे आकडे टिपायचे. या फेऱ्यांसाठी एक क्वाड आहे. क्वाड म्हणजे चार जाड चाकांची मोटरसायकल, चिखल, बर्फ, नाला, कशातूनही जाणारी. आमची वीस वर्षांपूर्वीची आहे, कार्ब्युरेटरवाली, आणि या देशात मला मनापासून कळणारं हे एकच यंत्र. संध्याकाळची फेरी रोज माझी. सकाळची मंगळवारी आणि शुक्रवारी माझी, बाकीचे दिवस योस्टची. योस्ट हा माझा सहकारी, साडेसहा फूट उंच, स्वभावाने गाय. त्याची सायकल विजेवर, गाडी विजेवर, गवत कापायचं यंत्रही विजेवर. पेट्रोलचा वास आला की तो अग्निशमन दलाला कळवावं का असं विचारतो.

डिसेंबरच्या मध्यावर थंडी उणे सहावर गेली, यंदाच्या या फेऱ्या सुरू झाल्या आणि लगोलग क्वाडचं दुखणंही. सकाळी योस्ट किल्ली फिरवतो, इंजिन झकास चालू होतं, तो निघतो, आणि तीन-चार मिनिटांत, नाल्यावरच्या लाकडी पुलाच्या जरा पुढे, गाडी फुर्रफुर्र करून बसते. मग त्या बर्फात योस्ट किलोमीटरभर चालत परत. असं लागोपाठ व्हायला लागलं. (एक दिवस तर त्याच्या भुवयांवर दव गोठलं होतं. त्याने तक्रार केली नाही, फक्त कॉफी दोनदा घेतली.) आमच्या वर्कशॉपने तारीख दिली ती थेट जानेवारीअखेरची. इथे डॉक्टरही तशीच देतो, त्यामुळे कोणाला वाईट वाटलं नाही. मला मात्र राहवेना. मी म्हणालो, माझे मामा खामगावात चाळीस वर्षं गॅरेज चालवत होते, मी त्यांच्या हाताखाली पाने पुसून वाढलोय, थांबा. तो व्हिडिओ कॉल तुम्हाला आठवत असेलच. योस्ट सीटवर बसून स्टार्टर मारत होता आणि मी फोन इंजिनाला लावून उकिडवा बसलो होतो. मामी मागून ‘कान गेले तरी हौस नाही गेली’ म्हणत होत्या. तुम्ही डोळे मिटून ऐकलंत आणि म्हणालात, ‘पेट्रोल पोचून नाही राह्यलं लेका. टाकीत पानी असंल, थे थंडीनं नळीत गोठलं. औषध टाक. एक टोपण. टाकी अर्धी नोको ठेवू.’

औषध म्हणजे काय, ते इथल्या शेतीच्या दुकानात जाऊन मी शोधून काढलं. निळी बाटली, वर हिमकणाचं चित्र. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतली वाफ पाणी होऊन तळाशी बसते. हे औषध त्या पाण्याला धरून पेट्रोलात मिसळवतं आणि जळायला घेऊन जातं, नळीत गोठू देत नाही, असं बाटलीमागे बारीक अक्षरांत लिहिलं आहे. शब्दाशब्दाला तुम्ही सांगितलेलं, फक्त पंचवीस डच ओळींत. मी एक टोपण ओतलं, सीटवर बसलो, किल्ली फिरवली, आणि काय सांगू मामा, गाडी पुलापलीकडे, शेताच्या शेवटच्या बांधापर्यंत जाऊन परत आली. योस्टने टाळ्या वाजवल्या. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतः औषध घातलं, आणि गाडी पुलाजवळ बसली.

इथून पुढे गोष्ट आमच्या दोघांच्याही हाताबाहेर गेली. मी घातलं की चालते, त्याने घातलं की बसते. मी टोपणाने अंदाजे ओततो, तो प्रयोगशाळेतल्या नळीने मोजून वीस मिलिलिटर. मग त्याने पंधरा करून पाहिलं, पंचवीस करून पाहिलं, एकदा औषध रात्रभर दिवाणखान्यात ठेवून कोमट केलं. काही नाही. दुपारी मी जाऊन नुसता सीटवर बसलो तरी सुरू. शेवटी योस्टने तक्ता मांडला. तारीख, तापमान, औषधाचं माप, टाकीतलं पेट्रोल, बसणारा माणूस. सगळ्या रकान्यांतून एकच गोष्ट ठामपणे सिद्ध झाली, की चंद्रशेखर बसला तर गाडी चालते. योस्टने मला अत्यंत गंभीरपणे विचारलं, की याला तुमच्या भाषेत काही शब्द आहे का. मी म्हणालो, आहे, हातगुण. त्याने तो रकान्याच्या डोक्यावर लिहून घेतला.

हे सगळं विनोदाने चाललं असतं तर प्रश्न नव्हता. पण आमची साहेबीण विलेमाइन हिच्या कानावर गेलं. कंपनीच्या बाकीच्या दोन शेतांवरही क्वाड आहेत, तेव्हा गुरुवारी सगळ्यांसमोर हिवाळ्यातल्या इंधन-औषधावर वीस मिनिटं बोल, असं तिने मला सांगितलं. आणि त्याच दमात म्हणाली, की शुक्रवारी तुझ्या कराराचं ठरवू. माझा करार मार्चअखेर संपतोय, मामा. पक्का झाला तर ठीक, नाही तर समताची नुकती लागलेली नोकरी, यामिनीची शाळा, सगळा बाडबिस्तरा पुन्हा कुठे न्यायचा हे बघावं लागेल. गेले दोन आठवडे मी घरात शांत माणसासारखा वावरतोय, आणि समताला ते बरोबर कळतं, म्हणून ती मला सतत काही ना काही किसायला देते. गुरुवारी नेण्यासाठी गाजराचा हलवा ठरलाय.

तर विनंती अशी, की तुमच्या गॅरेजच्या जुन्या लेटरहेडवर दोन ओळी लिहून सही-शिक्क्यानिशी फोटो पाठवायला चिरंजीव विवेकला सांगा. एक टोपण म्हणजे नेमकं किती, एवढंच. इथल्या लोकांना मिलिलिटरमध्ये हवंय आणि मी तेच टोपण तीनदा मोजलं तर तीन उत्तरं आली. तुमचं नाव मी पहिल्याच पानावर घातलंय.

तुमचा भाचा,
चंद्रशेखर

ता. क. बुधवार. पाकिटाला तिकीट लावायचं राहिलं होतं हे फार बरं झालं. काल संध्याकाळी गाजर किसताना डाव्या हाताची दोन बोटं किसणीवर गेली. समताने एवढी जाड पट्टी बांधली की हात क्रिकेटच्या ग्लोव्हसारखा दिसतो. फेरीहून मी आधीच आलो होतो. आज सकाळी योस्टचा फोन, पुलाजवळ बसली. मी सायकलने गेलो, क्वाडवर बसलो, आणि नेहमीप्रमाणे किल्ली फिरवायच्या आधी माझा डावा हात आपोआप सीटखाली गेला. तिथे पट्टी अडकली. हा हात इथे काय करतोय म्हणून वाकून बघितलं, तर समोर पेट्रोलचा कॉक. बंद.

मामा, मी तो रोज संध्याकाळी बंद करत होतो. शेडमध्ये गाडी लावली की हात जातो आणि कॉक बंद होतो, मला कळतही नाही. आणि सकाळी मी बसलो की तोच हात जाऊन उघडतो, तेही मला कळत नाही. योस्टला तर टाकीतून येणारं पेट्रोल चालू-बंद करणारी कॉक नावाची वस्तू असते हेच ठाऊक नाही. कार्ब्युरेटरच्या वाटीत उरलेल्या पेट्रोलवर गाडी पुलापर्यंत जात होती, बस. पाणी नाही, बर्फ नाही, औषधाचा दोष नाही, गुणही नाही. सातवीच्या सुट्टीत मी दिनकर मास्तरांच्या स्कूटरचा कॉक उघडा ठेवला होता आणि रातोरात पेट्रोल गळून फरशीवर थारोळं झालं होतं, आठवतं? तुम्ही टपली मारलीत ती एकच. पण गॅरेजच्या भिंतीवर लाल ऑइलपेंटने हातभर अक्षरांत लिहिलंत, ‘गाडी उभी, कॉक बंद’, आणि रोज सकाळी मला ते मोठ्याने वाचायला लावलंत. तर ते पाठ झालं, एवढंच कळवायचं होतं.

(आणि राग मानू नका, पण पेट्रोल पोचत नाही हे तुम्ही सात हजार किलोमीटरवरून अचूक ओळखलंत. कॉक उघडा आहे का, हे मात्र विचारलं नाहीत. मीही तपासलं नाही. आपल्या हाताखालचा पोरगा एवढं विसरणार नाही, असं दोघांनीही गृहीत धरलं.)

योस्टला मी काही बोललो नाही. तो पुलाच्या कठड्याला टेकून हातांवर फुंकर मारत होता. गाडी सुरू झाली तर म्हणाला, हातगुण. मला फार लाज वाटली. आता सरळ मार्ग असा आहे, की तोंड बंद ठेवायचं, कॉक उघडा ठेवायचा, आणि उद्या औषधावर वीस मिनिटं बोलायचं. कोणाला कधीही कळणार नाही. समताला विचारलं. ती म्हणाली, हलवा दोन्हीकडून चालेल, तू ठरव.

ता. क. २. शुक्रवार. सांगितलं. आधी दहा मिनिटं औषधाबद्दल खरं तेच सांगितलं, की टाकी भरलेली ठेवा, बाटलीवर लिहिलंय तेवढंच घाला, ज्याच्या पेट्रोलात पाणी असेल त्याला उपयोग होईल. मग सांगितलं, की आमच्या क्वाडला त्याची गरज नव्हती, तिचं पेट्रोल मीच रोज बंद करत होतो. कोणीतरी हलव्याचा डबा उघडता उघडता थांबलं. विलेमाइनने विचारलं, किती सकाळी? योस्टने तक्ता बघून सांगितलं, अकरा. मग विचारलं, का? मी म्हणालो, माझ्या मामांमुळे, आणि तुमची भिंत सांगितली. योस्ट एकदम हसायला लागला, साडेसहा फूट माणूस टेबलावर डोकं ठेवून हसत होता. उठून त्याने तक्त्यात ‘कॉक’ असा नवा रकाना काढला आणि सगळ्या ओळी एका फटक्यात जुळल्या, याचा त्याला इतका आनंद झाला की अकरा सकाळींचं चालणं तो विसरला. (मी विसरलेलो नाही. महिनाभर सकाळची फेरी रोज माझी आहे, मीच मागून घेतली.)

आज करार पक्का झाला. विलेमाइन म्हणाली, स्वतःची चूक सगळ्यांसमोर सांगणाऱ्या माणसाने टिपलेले गव्हाचे आकडे मला पुन्हा तपासावे लागत नाहीत. घरी येऊन सांगितलं तर समता किसणी धुवायला गेली, आणि बराच वेळ धूत राहिली.

ता. क. ३. लेटरहेडचं राहू द्या. टोपण किती मिलिलिटरचं हे आता कोणी विचारत नाही. खरं काम निराळं आहे. आई सांगत होती, की सव्वीस जानेवारीनंतर विवेक गॅरेजात मोबाईलचं दुकान टाकतोय आणि भिंतींना पांढरा रंग लागणार आहे. तुम्ही तिला म्हणालात, लागू दे, कार्ब्युरेटर गेले, आता माझ्या विद्येचं कोणाला काय काम. ते मला लागलं, मामा. तुमची विद्या इथे इतकी पक्की बसली आहे की तिने एक माणूस अकरा वेळा बर्फातून चालवला. विवेक दुकान टाकू दे, चांगलंच आहे. पण रंगारी यायच्या आत त्या भिंतीचा एक मोठा फोटो काढून पाठवायला त्याला सांगा, आणि फोटोत तुम्ही बाजूला उभे राहा, टोपी घालून. पत्र पोचायला उशीर होईल, म्हणून एवढं शेवटचं पान मी आजच विवेकच्या मोबाईलवर धाडतोय. मामी वाचतील, वाचू दे.

फोटो आमच्या शेडमध्ये, क्वाडच्या बरोबर वर लागणार आहे. योस्टने जागा मोजून खिळा ठोकून ठेवलाय. तुमचं वाक्य त्याने मराठीत पाठ केलंय, पण त्याचं म्हणणं आहे की ते अर्धंच आहे, आणि उरलेलं अर्धं तो खाली स्वतःच्या हाताने डचमध्ये लिहिणार आहे: सकाळी उघडा.