सुनेला पाठवलेली घरची नागली

आये, तुझे गुडघे आता दुखत नसतील. बाचा खोकला थांबला का? धाकटी आत्या तिकडंही कोणाशी भांडत असेल, तर ती बरी आहे असं समजते. इथं आम्ही धडधाकट आहोत. तुझा नातू ठाण्याला कामाला असतो, त्याची लेक आता वरचं खायला लागली.

रेशनचा तांदूळ हल्ली फुकट मिळतो. पोट भरतं, खोटं कशाला बोलू? पण त्यापायी माळावर नागली लावायला कोणी वाकत नाही. मीच एक तुकडा लावते, बी टिकावं म्हणून. रेशनवर पहिल्यांदा गहू आला, तेव्हा तू त्याचीही नागलीसारखी जाड भाकर थापलीस. बा म्हणाला, "ही भाकर हाय का चपलेचा तळ?" तू म्हणालीस, "मंग पायात घाल. नायतरी अनवाणीच हिंडतोस." आम्ही पोरं हसत हसत चावत बसलो. त्याच साली आखाडात रेशनही आलं नाही. वाळक्या पोकळ भोपळ्यात राख घालून ठेवलेल्या नागलीच्या बियाला मी हात लावला, आणि तू मनगट धरलंस. "ते आपलं नाय. पुढल्या पावसाचं हाय." उकडलेले कडू कंद खाऊन झोपलो आपण.

परवा सुनेचा फोन आला. "आई, डॉक्टर म्हणतात बाळाला नाचणी द्या, म्हणजे आपली नागलीच. दुकानातली नको, आपल्या घरची पाठवा." घरात होतं ते बियाचंच. गावात विचारलं, तर शेजारीण हसते, "नागली? ती आता शेटलोकांची पोरं खातात, म्हातारे!" बियाचा भोपळा मांडीवर घेऊन बसले. एकीकडं नात, एकीकडं तुझा शब्द. शेवटी जव्हारच्या बाजारात गेले. पाहुणा आला की आपण जी भाकर लाजेनं झाकून ठेवायचो, तिचं पीठ तिथं चकचकीत पाकिटात. वर 'पौष्टिक' लिहिलेलं. अक्षरं जुळवून वाचते मी आता. पाकीट फोडलं, पीठ जुन्या लुगड्याच्या फडक्यात बांधलं आणि ठाण्याला निघालेल्या पुतण्याजवळ दिलं.

काल सून म्हणते, "आई, घरच्या नागलीची चवच न्यारी! बाळ मिटक्या मारतं." मी म्हणाले, "माळाची माती आहे ती." फोन ठेवल्यावर एकटीच हसले, मग हसू आलं नाही. बी शाबूत आहे, यंदा जास्त पेरीन. पण तोवर तिला खरं सांगू, की गप्प राहू? हा कागद कुठल्या पेटीत टाकायचा ते मला ठाऊक नाही. तरी लवकर लिही, आये. सून आणखी पीठ मागते आहे.