तुझ्या फॉर्मवर मी लिहिलेलं 'नाही'

आये, शुक्रवारी माझ्या डाव्या गालाच्या आतून डॉक्टरांनी एक तुकडा काढला. तांदळाच्या कणीएवढा. आधी सुई टोचून गाल बधिर केला होता, त्यामुळे दुखलं नाही, नुसता चिमटा बंद झाल्याचा आवाज कानाशी आला. तुकडा छोट्या बाटलीत टाकला, बाटलीवर माझं नाव लिहिलं आणि ती मुंबईला गेली. निकालाला आठ-दहा दिवस लागतील म्हणाले. आज रविवार, म्हणजे तिसराच दिवस. मी बिरवाडीतल्या खोलीवर बसले आहे आणि माझी जीभ सारखी तिथं घातलेल्या टाक्याकडे जाते. नको म्हटलं तरी जाते. तुझ्या तोंडाला जे झालं तेच मलाही झालंय का, एवढा एकच विचार आहे.

मला जास्त कळतं, हेच वाईट. दहा वर्षं मी हेच काम करते आहे. पोलादपूरच्या वर डोंगरातल्या वाड्यांवर जायचं, बायकांचा रक्तदाब मोजायचा, वजन घ्यायचं, छातीत दुखतं का, दम लागतो का, मीठ किती, तंबाखू-मिशरी किती, सगळं छापील फॉर्मवर लिहायचं. दोन वर्षांनी परत त्याच घरी जायचं. पुढे कुणाला हृदयविकार होतो, कुणाला कर्करोग होतो आणि त्यांच्यात आधीपासून काय वेगळं होतं, ते असं वर्षानुवर्षं बघत राहायचं. नोकरी लागली तेव्हा मी तुला हे समजावून सांगितलं होतं. तू शेळीचं दूध काढत होतीस. म्हणालीस, "म्हंजे कोण मरतंय त्याची वाट बघत बसायचं. बरी हाय गो नोकरी!" आणि मग वाडीभर सांगत सुटलीस, माझी पोरगी डॉक्टरांच्या हाताखाली लागली म्हणून.

बायकांना दाखवायला माझ्या पिशवीत तोंडातल्या डागांच्या फोटोंचं एक कार्ड असतं. पांढरा डाग, लाल डाग, न भरणारी जखम. मी सांगते, "मावशी, घाबरू नका, सगळे डाग वाईट नसतात. बहुतेक तसेच राहतात, मिशरी सोडली की काही जातात." हे खरं आहे. पण महिन्यापूर्वी आरशात स्वतःचा गाल ओढून पाहिला आणि कार्डावरचा पहिला फोटो आत दिसला, तेव्हा यातलं एक वाक्यही मला उपयोगी पडलं नाही. धोका म्हणजे अनेकांमधल्या काहींना होतं, हे मी प्रशिक्षणात पाठ केलं होतं. त्या काहींमध्ये आपण आहोत की नाही, हे कुठलाच फॉर्म सांगत नाही. खोलीच्या मालकीणबाईंच्या आधीच लक्षात आलं होतं. "काय गो, हल्ली चहाचं गार पाणी झाल्यावर पितेस? आणि आमटीत तिखट जास्त पडलं म्हणतेस, मी तर मिरची टाकलीच नाय आज." मी हसून दाताचं निमित्त सांगितलं. तूही दाताचंच सांगायचीस.

मला आपली चूल आठवते. दुकानातून आणलेली तंबाखूची पानं तू तव्यावर टाकायचीस, ती काळी होईपर्यंत हलवायचीस, आणि घरभर असा ठसका उठायचा की आम्ही पोरं डोळे चोळत अंगणात पळायचो. मग ती तळहातावर चुरायची, कापडातून गाळायची, डबीत भरायची. सकाळी एकदा, दुपारची भांडी झाल्यावर एकदा, तू मागच्या दारात बसतेस, डाव्या हाताचं बोट डबीत बुडवतेस, आणि हळूहळू, कुठेच जायचं नसल्यासारखी, हिरड्यांवरून फिरवतेस. दिवसभरात तू बसलेली मी फक्त तेवढीच पाहिली. शेजारची काकू येते, तिला तू डबी पुढे करतेस, तोंडात मिशरी असताना दोघी ओठ न उघडता हसता. मला तेव्हा वाटायचं, मोठं होणं म्हणजे ही बैठक मिळणं.

ती मला लवकर मिळाली. चौथीत असताना माझी दाढ सुजली, मी रात्रंदिवस रडत होते. तू माझं तोंड उघडलंस आणि बोटाने मिशरी लावलीस. आधी चक्कर आली, मग दाढेचा ठणका थांबला. दहावीच्या वर्षी बाईंनी वर्गात तंबाखूचा धडा घेतला, तेव्हा मी घरी येऊन तुझी डबी गोठ्यामागच्या शेणखतात उलटी केली. तू मला मारलंस. पुस्तक शिकलीस म्हणून आयशीला शिकवतेस का, असं म्हणालीस. मग दोन दिवस डोकं धरून पडून राहिलीस, गुरांना पाणीसुद्धा दाखवलं नाहीस. तिसऱ्या दिवशी मीच खाली उतरून दुकानातून तंबाखूचं पान आणलं आणि मीच तव्यावर भाजलं. आणि मी महाडला वसतिगृहात निघाले तेव्हा तू एक छोटी स्टीलची डबी माझ्या पिशवीत ठेवलीस. "अभ्यासानं डोकं दुखलं तर लाव. कुणाला दाखवू नको." घरातल्या पहिल्या शिकणाऱ्या मुलीला देण्यासारखं तुझ्याकडे तेवढंच होतं. मी ती लावली, कुणाला दाखवली नाही, आणि परवापरवापर्यंत दाखवली नाही. रोज सकाळी दार लावून मिशरी लावायची, चुळा भरायच्या, वर पेस्ट करायची, आणि मग बाहेर पडून बायकांना सांगायचं, मिशरी सोडा.

आता ज्याच्यासाठी लिहायला बसले ते लिहिते. नोकरीचा पहिला महिना होता. सरावाचे फॉर्म आपापल्या वाडीतच भरायचे होते, पण पुढे तेच खरे धरले जाणार होते. तपासणीला महाडहून साहेब आले होते. येताना जीपमध्ये ते सहज म्हणाले होते, "ज्यांच्या घरातच तंबाखू आहे त्या मुली दुसऱ्यांना काय सांगणार?" बरोबरच्या सगळ्या मुली हसल्या. मीही हसले. आपल्या घरी पोचलो, साहेब बाहेर फणसाखाली काकूच्या दंडाला रक्तदाबाचा पट्टा बांधत होते. काकू ओरडत होती, "हात बांधून खय नेताव मला?" आणि आत मी तुझ्यासमोर फॉर्म घेऊन बसले. तू पदर सावरून बसलीस, जणू मी कुणी अधिकारी. मी विचारलं, "तंबाखू, मिशरी?" तू म्हणालीस, "लावते की. तुला म्हायत नाय? लग्न झाल्यापासून लावते. लिही." लपवायचं तुझ्या मनातही आलं नाही. तू वाकून माझ्या पेनाकडे कौतुकाने बघत होतीस. मी बाहेर साहेबांकडे पाहिलं, आणि 'नाही' वर खूण केली. तू विचारलंस, "लिवलं?" मी म्हणाले, "लिवलं."

ज्यांच्या फॉर्मवर 'हो' होतं त्या बायकांना पुढच्या महिन्यात गाडीत घालून शिबिराला नेलं, डॉक्टरांनी त्यांची तोंडं तपासली. काकूही गेली. तू गेली नाहीस, कारण कागदावर तुला काही धोका नव्हता. मी नुसतं म्हणाले असते की आये, तूही चल, तरी चाललं असतं. पण मग फॉर्म चुकला कसा, हे सांगावं लागलं असतं. पुढच्या वेळी, पुढच्या वेळी, असं करत दोन वर्षं गेली. त्यात तू भाकरी दुधात कुस्करून खायला लागलीस, गाल सुजला, तोंडाला वास यायला लागला. मी तुझं तोंड उघडायला सांगितलं तर ते दोन बोटंसुद्धा उघडेना. त्यानंतरचं मुंबईचं इस्पितळ, नळी, ते सगळं तुला माहीत आहे, मी लिहीत नाही. तेव्हा नेलं असतं तर तू वाचली असतीस का, हे मला कुणी खात्रीनं सांगू शकत नाही. मी विचारलेलंही नाही. विचारायची भीती वाटते.

गेल्या महिन्यात ऑफिसात बैठक होती. डॉक्टर मॅडम मुंबईहून आल्या होत्या. त्या म्हणाल्या की आता सगळे फॉर्म संगणकावर चढलेत, हिशेब लागेल. आणि काही बायका अशा आहेत की ज्यांनी कधीच तंबाखू घेतला नाही, तरी तोंडाचा कर्करोग झाला. त्यांच्याकडे नीट बघायला हवं, कदाचित दुसरं काही कारण सापडेल. आये, त्या कप्प्यात तू आहेस. इतकी शिकलेली माणसं तुझ्या मरणाचं दुसरं कारण शोधायला बसणार होती आणि कारण मी तिसऱ्या रांगेत वही मांडीवर घेऊन बसले होते. मी तोंड उघडलं नाही. त्याच संध्याकाळी घरी आल्यावर मी आरशात गाल पाहिला. चहा झोंबत होता म्हणून नव्हे. का पाहिला ते मला सांगता येणार नाही.

मग आंबेनळी घाटाच्या रस्त्यावरून वर चढून एका वाडीत गेले होते. तिथली एक म्हातारी, तिचे तीनच दात उरलेत. मी तोंड बघायचं म्हटल्यावर तिनं आ केला, मी बॅटरी मारून बघितलं, सगळं स्वच्छ. ती म्हणाली, "झालं? आता तुजं दाव."

"माझं कशाला आजी?"

"का? माजं बघितलंस ते? तू काय वरून पडलीस? दाव गो, मी काय मोजत नाय दात." तिची सून दारात हसायला लागली. मी हसत हसत तोंड उघडलं. म्हातारीनं हनुवटी धरून उजेडाकडे फिरवलं आणि तिचं हसू थांबलं. "लावतेस तू पण," ती हळू म्हणाली. मी 'हो' म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. "आणि ता गालात काय हाय? ता फोटूतलं हाय ना?" मी परत 'हो' म्हणाले. "मग शुक्रवारी मला गाडीत घालून नेतेस शिबिराला, नि तू काय गाडीच्या टपावर बसणार? जाताना माज्या बाजूला बस."

ती माझ्या बाजूला बसली होती. तिच्यामुळेच मी गेले, एकटी गेले नसते. मी स्वतःचा फॉर्म स्वतःच्या हातानं भरला, मिशरीसमोर 'हो' लिहिलं, कितव्या वर्षापासून ते लिहिलं, आणि मॅडमच्या टेबलावर ठेवला. त्यांनी वाचलं, माझ्याकडे पाहिलं. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. तोंड तपासलं, तुकडा काढायला पाठवलं. टाका घालून आल्यावर जीभ जड होती, पण मी परत त्यांच्यासमोर उभी राहिले आणि म्हणाले, "अजून एक फॉर्म चुकलाय. माझ्या आईचा." तो काढायला वेळ लागला, मूळ कागद महाडच्या ऑफिसात कपाटात होता, शनिवारी मला तिथं बोलावलं. तुझा कागद पिवळा पडला होता. तुझा अंगठा अजून स्पष्ट आहे. मी ती खूण पेनानं गिरवून टाकायला गेले, तर मॅडम म्हणाल्या, "खोडायचं नाही. जुनं वाचता आलं पाहिजे. एक रेघ मार, शेजारी बरोबर ते लिही, आज लिहितेस म्हणून आजची तारीख घाल, सही कर." मी तसं केलं. आता तू बरोबर कप्प्यात आहेस. तुझ्या मरणाचं कारण आता कुणी दुसरीकडे शोधणार नाही. बाकीचे माझ्या हातचे फॉर्मही परत तपासणार आहेत, नोकरीचं काय ते त्यानंतर बघू, म्हणाल्या. ते व्हायलाच हवं. त्याची भीती आहे, पण त्या बाटलीच्या भीतीपुढे ती काहीच नाही.

हा कागद मी कुणाला दाखवणार नाही. तुला लिहिलं, कारण एक गोष्ट मॅडमना सांगता आली नाही. कागदावर रेघ मारून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तेव्हा असं का झालं गं? आईनं सांगितलं नव्हतं का?" टाक्यामुळे बोलताना दुखत होतं. मी खाली बघत म्हणाले, "नाही मॅडम. जुन्या बायका, लपवतात." त्यांनी तेही शेजारी लिहून घेतलं.