हुरडा विझवणारं दल

ती. सौ. वच्छलावन्सं यांना मनकर्णाचा वाकून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तिकडे पोखर्णीत नरसिंहाच्या कृपेने तुमचे गुडघे, दाजींचा खोकला आणि दारातली गाय हे सगळं बरं असेल, असं धरून चालते. (फोन तुम्ही उचलत नाही, म्हणून पत्र. पत्र न उघडता परत करायचं तर पोस्टमनला हाका माराव्या लागतात, तेवढा त्रास तुम्ही घेणार नाही.) पौषातल्या त्या प्रकारावरून तुम्ही माहेरचा उंबरा चढणार नाही म्हणालात, आणि अजून चढला नाहीत. राखी पोस्टाने आली. पंकजाच्या लग्नात मामा म्हणून तुमचे बंधू तिच्यामागे उभे राहिले, तेव्हाही तुम्ही त्यांच्याशी भटजींमार्फत बोललात. आता भाऊबीज तोंडावर आली आहे. तेव्हा त्या दिवशी तुमच्यावर पाणी कुणी आणि का मारलं, हे एकदा माझ्याकडून ऐका आणि मग काय तो राग धरा.

आमचं दल म्हणजे तुम्हाला बायकांचा तमाशा वाटतो, पण त्याची सुरुवात तशी झाली नाही. मागच्या वर्षी शिमग्याच्या सुमारास बजरंग आणि त्याची बायको ऊसतोडीला गेलेले असताना त्यांचं घर पेटलं. त्याची म्हातारी आई शेळीला घेऊन बाहेर आली म्हणून वाचली. त्या दिवशी ताडकळसचा बाजार. गावातले पुरुष सगळे बाजारात, आणि आम्ही बायका घागरी घेऊन पळतोय, एकमेकींना धडकतोय, आगीपेक्षा आमच्याच अंगावर पाणी जास्त. आगीची गाडी यायची लांबून, ती येईपर्यंत विझवायला काही उरलंच नव्हतं. संध्याकाळी सविता (तीच, जी नवऱ्यापेक्षा सरळ ट्रॅक्टर चालवते) म्हणाली, “आग दिवसा लागती, अन् दिवसा गावात आपुनच असतो. मग वाट कुणाची बघायलोत?” त्याच रात्री दल स्थापन झालं.

पंचायतीचा टंचाईतला टँकर धूळ खात उभा होता. त्याला शेतातलं इंजिन आणि पाइप जोडला. गणवेश म्हणून साडीवर नवऱ्याचा पूर्ण बाह्यांचा सदरा, कापूस वेचायला घालतो तसाच. (मी तुमच्या बंधूंचा लग्नाकार्यातला पांढरा सदरा घेतला, कारण प्रमुखाने उठून दिसलं पाहिजे. त्या हंगामात ते कुठल्याच लग्नाला गेले नाहीत.) पण पाइपाचं तोंड धरण्याचा मान कुणाचा, यावर आठवडाभर भांडण चाललं. तोंड सगळ्यांना पाहिजे, मधला पाइप खांद्यावर घ्यायला कुणी तयार नाही. शेवटी जिची सासू सर्वांत कडक तिला तोंड द्यायचं ठरलं, कारण दाब सोसायची सवय तिलाच. असा तो मान पार्वतीबाईला मिळाला. पहिल्याच सरावात तिने मारुतीच्या पारावर पत्ते कुटणारी सगळी मंडळी भिजवून घरी पाठवली, आणि तेव्हापासून गावातल्या झाडून सगळ्या बायकांचा दलाला पाठिंबा आहे.

तयारी झाली, पण आग लागेना. वाईट चिंतू नये हे मलाही कळतं, वन्सं, पण पाऊस गेला, दिवाळी गेली, आम्ही रोज गच्चीवर चढून रानाकडे बघतोय आणि धुराचा पत्ता नाही. अशात पौषातल्या एका दुपारी आमच्याच वरच्या रानातून धूर! आता मला सांगा, मला कसं कळावं? तुम्ही पंकजाच्या होणाऱ्या सासरच्यांना घेऊन पोखर्णीहून जीपने थेट रानात उतरलात, आणि तुमच्या बंधूंनी हुरड्याचा बेत मला सांगितलाच नाही. का, तर व्याह्यांसमोर मी सदरा घालून येईन म्हणून! (आलेच.) ज्वारी माणसाच्या डोक्यावर गेलेली, तुमची हुरडा भाजायची आगटी आम्हाला दिसलीच नाही, दिसला तो धूर. त्यात तुमचे बंधू उठून दोन्ही हात हलवायला लागले. आगीत अडकलेला माणूस असाच हात हलवतो, असं मीच सरावात शिकवलं होतं, म्हणून सविताने इंजिन आणखी वाढवलं. “अगं, हुरडा खायलोत आमी!” हे तुमचं ओरडणं माझ्या कानावर आलं, तोवर शेंगदाण्याची चटणी, दही, गूळ आणि तुमची पैठणी एकत्र झाली होती. व्याही मात्र पोट धरून हसले. म्हणाले, या गोतातली पोरगी घरात आली तर घराला आगीची भीती नाही. म्हणजे लग्न काही मोडलं नाही.

शिक्षा झाली ती दलाला. सरपंच व्यंकटरावांनी टँकरच्या ट्रॅक्टरची किल्ली काढून घेतली. “आग हाय का हुरडा, ते आधी मला इचारायचं, मंग किल्ली मिळंल,” असं म्हणाले, आणि दल बंद करायचं ग्रामसभेत मांडणार होते. माझा जीव थाऱ्यावर नव्हता. बजरंगने नुकतं कुठे नवं घर उभं केलं होतं आणि म्हातारीला ठेवून पुन्हा तोडीला गेला होता. ग्रामसभेच्या आदल्या दिवशी, भर उन्हात, व्यंकटरावांच्याच कडब्याच्या गंजीने पेट घेतला, आणि वारा बजरंगच्या घराकडे. व्यंकटराव धोतर सावरत माझ्या दारात. मी शांतपणे चहा गाळला आणि विचारलं, आग आहे की हुरडा, ते आधी नीट सांगा. (नाही विचारलं. विचारणार होते, पण त्यांचं तोंड बघून धीर झाला नाही. गावात मात्र मी विचारलं असंच सांगतात, आणि मी ते खोडून काढत नाही.) “वैनी, किल्ली घ्या, बैलं बांधलीत तितं, लय भडकायलीय!” एवढंच ते बोलू शकले. सविताने ट्रॅक्टर पळवला, पार्वतीबाईने पाइपाचं तोंड धरलं, बाकीच्यांनी ओली पोती आणि लिंबाच्या डहाळ्यांनी ठिणग्या झोडपल्या. गंजी गेली, पण बैलं वाचली, गोठा वाचला, आणि बजरंगच्या घराला धगसुद्धा लागली नाही. म्हातारी दारात बसून आमच्याकडे बघत होती, उठली पण नाही, इतका तिचा आमच्यावर भरवसा. वन्सं, मी तिथेच चिखलात बसून आनंदाने रडले.

ग्रामसभेत ठराव झाला, पण उलटा, की किल्ली कायमची दलाकडे. मी ती मंगळसूत्राला अडकवली आहे. त्यानंतर गव्हाचं रान विझवलं, एका ट्रॉलीतला कापूस वाचवला. झरी गावच्या बायका आमचं काम बघून गेल्या आणि त्यांनीही दल काढलं. पाइपाच्या तोंडावरून त्यांच्यातही भांडणं सुरू झाली म्हणतात, म्हणजे काम रीतसर चाललं आहे.

दाजींना नमस्कार, पंकजाला आशीर्वाद.

तुमची भावजय,
मनकर्णा

ता. क. : दाजींचे जुने, पूर्ण बाह्यांचे सदरे असतील तर द्या. दलात नव्या सुना आल्या आहेत. खरं तर एवढ्याचसाठी हे पत्र लिहिलं.

आणखी एक : सदरे पोस्टाने पाठवू नका, वाटेत गहाळ होतात. भाऊबीजेला स्वतः घेऊन या.

शेवटचं : पत्र तुमच्या बंधूंना वाचून दाखवलं. मी राखीच्या वाक्यापर्यंत आले आणि ते मधेच उठून बाहेर गेले. परत आले ते डोळे पुसत. म्हणाले, धूर गेला डोळ्यांत. वन्सं, मी दलाची प्रमुख आहे. चूल, अंगण, गोठा, मागचा उकिरडा, सगळीकडे फिरून बघितलं. धूर कुठेच नव्हता.