चेहरा हेच ओळखपत्र

४ फेब्रुवारी
हवालदार मानसिंग दुकानात आले. जुन्या वस्तूंच्या दुकानाला परवाना लागतो म्हणाले. माल आणणाऱ्याचं ओळखपत्र पाहायचं, नाव-पत्ता लिहून घ्यायचा, माल काही दिवस न विकता ठेवायचा. मी त्यांना नागरिकाच्या स्वातंत्र्यावर पाऊण तास ऐकवलं. ग्रीसपासून सुरुवात केली. रोमला पोचायच्या आत ते उठले. "सर, अर्ज तेवढा करा," म्हणाले.
निर्धार : परवाना काढणार नाही. मोडेन, पण वाकणार नाही.

५ फेब्रुवारी
वैदेहीनं अर्ज आणून टेबलावर ठेवला. म्हणाली, "शाळेतनं रिटायर झालात, आता दुकानही बंद पडलं तर घरात मलाच ऐकवत बसाल." तीस वर्षं संसार करूनही हिला तत्त्व कळलं नाही. अर्जावर चहाचा कप ठेवला. निषेध म्हणून.

९ फेब्रुवारी
सिद्धप्पा आला. माझ्या प्रत्येक व्याख्यानाला स्पीकर लावतो तो. त्याचा अँप्लिफायर चोरीला गेला. "सर, लग्नसराई तोंडावर आली की. त्या मशीनवरच घर चालतंय आमचं." रडवेला झाला होता. संकट आणि पुरुषार्थ यावर त्याला चार शब्द सांगितले. धीर आला असावा. लगेच गेला.

१० फेब्रुवारी, दुपारी
नियतीचा संकेत! एक तरुण मोटरसायकलवर अँप्लिफायर घेऊन आला. मी ओळखपत्र मागितलं नाही. त्याला सांगितलं, माणसाचा चेहरा हेच त्याचं ओळखपत्र. पुढेही बरंच सांगितलं. भारावून गेला, पैसेसुद्धा न मोजता निघाला.
लावून पाहिला. आवाज किती घरचा वाटतो! मागे कोणीतरी टिकली चिकटवली आहे, ती खरवडायची. सिद्धप्पाला स्वस्तात देऊ. त्याचीही सोय.

१४ फेब्रुवारी
मानसिंग पुन्हा येऊन गेले. आता माघार नाही. रविवारी, २२ तारखेला, चौकात जाहीर सभा : 'परवाना की पारतंत्र्य?' सिद्धप्पाला निरोप : मशीन माझं, तू फक्त वायरी जोडायला ये. टिकली राहिली. कामं फार.

२२ फेब्रुवारी
सभा. खुर्च्या ऐंशी, माणसं जरा विरळ. सिद्धप्पा उशिरा आला, मी सुरूच केलं होतं. "माणसाचा चेहरा" इथवर आलो आणि मशीनमागून तो ओरडला, "सर, हे आमचंच हाय की! ही बघा, आमच्या पोरीची टिकली!"
शेवटच्या रांगेतले लोक धावत पुढे आले. माझ्या सभेत हे प्रथमच.
या मशीनवर मी अकरा वर्षं बोललो, हे खरं. पण वक्ता श्रोत्यांकडे पाहतो, मशीनकडे नाही.

२३ फेब्रुवारी
दुकानाला कुलूप. ठाण्यात निवेदनाची तयारी करून गेलो होतो. साहेबांनी विचारलं, कोणाकडून घेतला? नाव? माहीत नाही. गाडीचा नंबर? पाहिला नाही. "बरं, चेहरा तरी सांगा."
आठवेना. तो होता तेवढा वेळ मीच बोलत होतो.
येताना रिक्षाचे पैसे वैदेहीनंच दिले. उन्हाळा यंदा लवकर.

२६ फेब्रुवारी
परवान्याचा अर्ज भरला. वैदेहीनं. कपाच्या डागाखाली मी सही केली. ही माघार नव्हे, डावपेच.
निर्धार : सिद्धप्पाची जाहीर माफी. नको, खासगीत. मुद्दे काढले. प्रस्तावना लांबते आहे.

२ मार्च
सिद्धप्पाच्या घरी गेलो. मशीन मुद्देमाल म्हणून ठाण्यात जमा आहे. कोर्टाचा हुकूम येईस्तोवर मिळत नाही. तो जेऊरला गेलाय, दुसऱ्याच्या मांडवात खुर्च्या उचलायला. त्याची बायको म्हणाली, "बसा की सर. काय निरोप असला तर सांगा, सांगते त्यांना."
बसलो. मुलीनं पाण्याचा तांब्या आणून ठेवला. विचारलं, "सर, आमचं मशीन आनलं का?"
मुद्दे खिशात होते.
पाणी पिऊन उठलो.